मुठीचा साचा

शाडूचा पेरूएवढा गोळा घ्या, कणकेसारखा मळा आणि ज्या हातात पकड नाही त्या हातात द्या. ‘दाब’ म्हणू नका, ‘चमचा धरलाय असं समज’ म्हणा. बोटं जेवढी वळतील तेवढीच वळू द्या. दोन मिनिटांनी गोळा अलगद सोडवून घेतलात, की त्यावर चार बोटांच्या खाचा दिसतील, अंगठ्याचा खळगा दिसेल आणि तळव्याच्या खोलगटात बसलेला फुगवटा दिसेल. कुठल्याच दुकानात मिळणार नाही अशी एक मूठ तयार झाली. ती फक्त त्या एका माणसाची.

हमरापुरात राहणाऱ्याला याच्या पुढचं सांगावं लागत नाही. गोळा सावलीत सुकवायचा, त्याचा दोन भागांचा साचा काढायचा, आत माल भरायचा, सांधा घासायचा. पेण तालुक्यातल्या या गावात, शेजारच्या जोह्यात, कळव्यात, तांबडशेतला गणपतीच्या मूर्तींचं हे काम घरोघरी चालतं. इथून कच्च्या मूर्ती निघतात आणि कुठल्या कुठल्या गावांत जाऊन रंगतात. पोरंसुद्धा सुट्टीत पॉलिश पेपर मारायला बसतात. आकार टिपणं, साचा काढणं, नको तिथं घासणं आणि हवं तिथं भरणं ही चार कामं ज्याला येतात, त्याला अपंग माणसाच्या उपकरणातलं निम्मं काम येतंच. फरक एवढाच की एका साच्यातून हजार गणपती निघतात आणि या साच्यातून एकच वस्तू. तीही दोन वर्षांनी कदाचित बदलावी लागते.

हे मी कौतुकाने म्हणत नाही. जयपूर फूट नावाचा पाय असाच जन्माला आला. १९६८च्या सुमाराला जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक होते आणि रामचंद्र शर्मा, म्हणजे ‘मास्टरजी’, हे परंपरेने कारागीर होते. मास्टरजींचं शालेय शिक्षण फारसं नव्हतं, पण हात तयार होता. तेव्हा मिळणारा कृत्रिम पाय विलायती धाटणीचा होता. त्यावर बूट घालावाच लागे, उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे आणि चिखलपाण्यात तो खराब होई. घोट्यात हलणारा, अनवाणी चालता येईल असा रबरी पाय या दोघांनी घडवला. मास्टरजींना ही कल्पना टायरचं दुकान पाहून सुचली, असं सांगतात. हाडं आणि सांधे डॉक्टरांना कळत होते, रबर आणि साचा कारागिराला. दोघांतला एकच असता तर तो पाय झाला नसता. आपल्या गावात दुसरी बाजू भरपूर आहे. पहिली कुठून आणायची ते पुढे सांगतो.

आधी एक सवय मोडू या. अपंग माणूस दिसला की आपण वस्तूचं नाव घेतो. ‘याला खुर्ची मिळवून देऊ’, ‘हिला तीनचाकी देऊ’. शिबिरात एकाच मापाच्या खुर्च्या वाटल्या जातात, फोटो निघतात आणि वर्षभरात त्यातल्या कितीतरी खुर्च्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात. देणाऱ्याची नियत वाईट नसते, त्याने प्रश्न चुकीचा विचारलेला असतो. ‘तुला काय हवं?’ असं विचारू नका. ‘सकाळी उठल्यापासून काय काय केलंस आणि कुठे अडलास?’ असं विचारा आणि ज्याला वापरायचंय त्यालाच विचारा, त्याच्या आईला किंवा भावाला नाही. मग उत्तरं येतात ती अशी: ‘संडासला जायला कुणी तरी उठवावं लागतं.’ ‘आखणी येते मला, पण मूर्ती फिरवायला दुसरा हात नाही.’ ‘भात कालवता येतो, तोंडापर्यंत येईस्तोवर सांडतो.’ यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे एका उपकरणाची मागणी आहे आणि त्यातलं कुठलंच ‘खुर्ची’ नाही.

मुठीकडे परत येतो. सुकलेल्या गोळ्यावरून साचा काढलात की त्यात भरायला एपॉक्सी पुट्टी चालते, रेझिन चालतं. आत चमच्याच्या किंवा ब्रशच्या दांडीएवढी पोकळी ठेवा, म्हणजे दांडी काढून धुता येईल आणि तीच मूठ चमच्यालाही बसेल, कुंचल्यालाही बसेल. ओली एपॉक्सी उघड्या कातडीला लावू नका, हातमोजे घाला. थेट हातावर पुट्टी दाबून आकार घ्यायचा मोह होतो. म्हणून तर शाडू आधी. पहिली मूठ हलकी करा. कंप असलेल्या काही हातांना थोडं वजन बरं पडतं, पण ज्या हातात जोरच नाही तो जड मुठीने दोन घासांत थकतो. हे कागदावर ठरत नाही, ताटावर बसून ठरतं. एवढा खटाटोप करायचा नसेल, तर दांडीवर सायकलच्या हँडलची रबरी ग्रिप चढवा किंवा सायकलची ट्यूब गुंडाळत जा. दांडी साधारण तीन ते चार सेंटिमीटर जाड झाली की अधू पकडीलाही ती पेलते. निम्म्या लोकांचं काम यावरच भागतं.

मूर्तींच्या कारखान्यात वावरणाऱ्यांना एक ताकीद मात्र देतो, कारण पीओपीशी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसशी, आपली फारच सलगी झालेली असते. हाताचा ठसा घ्यायला हात कधीही पीओपीच्या बादलीत किंवा जाड लगद्यात घालू नका. पीओपी सेट होताना गरम होतं, जाड थरात तर कातडी भाजण्याएवढं, आणि तोवर हात आत अडकलेला असतो. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळेत कलेच्या तासाला एका मुलीने असे हात घातले आणि तिला बहुतेक बोटं गमवावी लागली. ज्याच्या हाताला संवेदना नाही त्याला तर भाजतंय हे कळणारही नाही. दवाखान्यात प्लास्टर वापरतात ते पट्टीवरचं, पातळ थरांत, आत अस्तर घालून आणि जाणत्या माणसाच्या हातून.

बोटं अजिबात वळत नसतील तर मुठीचा उपयोग नाही. तिथे पट्टा लागतो. तळहाताभोवती बसेल असा दोन-अडीच बोटं रुंदीचा चामड्याचा किंवा जाड कापडाचा पट्टा करायचा, त्याला वेल्क्रो लावायचा आणि तळव्याच्या बाजूला एक बारीक खिसा शिवायचा. खिशात चमचा घाला, पेन्सिल घाला, कुंचला घाला. चपला शिवणारा माणूस तासाभरात करून देतो. वेल्क्रो असा लावा, की दुसऱ्या हाताने किंवा दाताने ओढून पट्टा एकट्याला चढवता आणि काढता येईल. दुसऱ्याने बांधून द्यावा लागला तर ते स्वातंत्र्य अर्धंच राहतं.

आखणी येणाऱ्याकडे येऊ. आमच्याकडे डोळ्यांची आखणी करणाऱ्याला मान असतो, कारण साचा सगळ्यांचा सारखा असला तरी देव जिवंत होतो तो तिथे. हे काम बसून होतं. त्याला पाय लागत नाहीत, लागतो तो स्थिर हात आणि मूर्ती फिरवायची सोय. एका हाताने काम करणाऱ्यासाठी प्लायची दोन गोल फळकुटं घ्या, मध्ये बेअरिंग बसवा आणि खालचं फळकूट जड ठेवा. वरच्यावर ओलं फडकं किंवा जाळीदार रबरी चटई टाकली की मूर्ती सरकत नाही. कडेला एक लाकडी पाचर ठेवा, फिरू नये तेव्हा ती दाबायची. पाय वापरता येत असेल तर वरच्या फळकुटाला पायाने ढकलायचा दांडा जोडता येतो. पेण-वडखळकडच्या फॅब्रिकेटरला असलं काम खेळासारखं वाटतं, फक्त माप आणि चित्र तुम्ही न्यायला हवं.

बैठक हा याहून मोठा विषय. कारखान्यात सगळे जमिनीवर बसतात. पोलिओने पाय गेलेल्या माणसाला ते सोयीचंच असतं. त्याला चार फिरत्या चाकांचा बसका पाट द्या, कडा गोल करा, वर दाट फोम घाला आणि दोन चाकं तरी ब्रेकची घ्या. पण कमरेखाली जोर नसलेल्या आणि खाली बसून उठता न येणाऱ्या माणसाला जमिनीवर उतरवू नका. त्याला खाली आणण्याऐवजी काम वर आणा. खुर्चीतल्या माणसाचे गुडघे खाली जातील अशा उंचीचं टेबल करा. मधली वाट निदान ९० सेंटिमीटर मोकळी ठेवा. सीझनला मूर्ती दारापर्यंत येतात आणि सगळ्यात आधी हीच वाट बंद होते, हे मालकांना मुद्दाम सांगतो.

चाकाची खुर्ची घ्यायची असेल तर मोजपट्टी हातात घ्या. माणसाला कडक बाकावर बसवा आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक पुस्तक उभं धरून त्यांच्यातलं अंतर मोजा. खुर्चीची रुंदी यापेक्षा जेमतेम बोटभर जास्त असावी. रुग्णालयी खुर्च्या बहुधा १८ इंची असतात. त्यात किडकिडीत माणूस एका अंगाला कलतो, चाकं हातापासून दूर जातात, पाठ वाकडी होते. मग माकडहाडापासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतचं अंतर घ्या आणि त्यातून दोन-तीन बोटं वजा करा. ती बैठकीची खोली. पाय ठेवायची पाटी इतक्या उंचीवर हवी, की मांडी पूर्ण लांबीने गादीला टेकेल. गादी घातल्यावर ही सगळी मापं बदलतात, म्हणून गादी आधी ठरवा.

गादीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण यात माणसं दगावतात. कण्याला इजा झालेल्या माणसाला बसल्या जागी टोचतंय हे कळत नाही. आपण नकळत अंग हलवतो, तो हलवत नाही. काही तासांतच कातडी लाल होते, मग फुटते आणि ती जखम हाडापर्यंत जाते. ट्यूबचं कडं किंवा मधे भोक असलेली गादी घरोघरी वापरतात. ती बंद करा, कारण तिच्या कडेवर दाब येतो आणि रक्त अडतं. गादी भरीव आणि दाट फोमची घ्या. माणूस बसल्यावर त्याच्या बसायच्या हाडाखाली हात घालून पाहा. हाड खालच्या फळीला टेकल्यासारखं लागलं तर गादी संपली असं समजा. दर पाव तासाने हातांवर जोर देऊन अंग उचलायची किंवा पुढे-बाजूला झुकायची सवय लावा. रोज रात्री आरशाने किंवा घरच्यांकडून कातडी बघून घ्या. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर ती जाईपर्यंत बसणं बंद.

कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हातांचंही तेच. अशा हाताला गरम कपाचा कान कळत नाही. कानाभोवती सुतळी गुंडाळा, पातेल्याला लाकडी मूठ बसवा. एवढंसं काम, पण त्याने बोट वाचतं.

घरात सगळ्यात जास्त अडचण संडासाची असते आणि बोलायला लाज वाटते म्हणून ती शेवटी निघते. भारतीय भांड्यावर ठेवायला लोखंडी चौकट करून घ्या, वर कमोडचं सीट, पायांना रबरी टोप्या. प्लास्टिकच्या खुर्चीला मधे भोक पाडून भागवणारे खूप आहेत. ती चिरते, आणि चिरते ती नेमकी माणूस बसलेला असताना. भिंतीला धरायची दांडी साधारण ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीची घ्या आणि ती अँकर बोल्टने पक्क्या विटेत बसवा. तुमचं पूर्ण वजन तिच्यावर टाकून बघितल्याशिवाय त्या माणसाला धरायला देऊ नका. खुर्चीतून खाटेवर सरकण्यासाठी १८ मिलिमीटर प्लायची, साधारण ७० बाय २२ सेंटिमीटरची फळी पुरते. कडा घासा, पॉलिश गुळगुळीत करा, जरा मेण लावा. फिनिशिंगचा हात असलेल्याला याचं महत्त्व समजावायला नको. एक कुसळ म्हणजे एक जखम.

दारातल्या उतारणीचं गणित सोपं आहे: चढ एक, लांबी बारा. पायरी १५ सेंटिमीटर असेल तर उतारण १८० सेंटिमीटर. अंगणात जागा नाही म्हणून ती निम्म्यात उरकली, तर ते घसरगुंडीचं काम होतं. शिवाय आपल्याकडे चार महिने पाऊस आणि शेवाळ. ओल्या काँक्रीटवर झाडूने आडव्या रेघा ओढून ठेवा. खाऱ्या हवेत साधं लोखंड दोन पावसाळे टिकत नाही, तेव्हा चौकटी-दांड्यांना गॅल्व्हनाइज्ड पाइप घ्या आणि वेल्डिंगच्या जागी प्रायमर मारा. चालायच्या काठीची उंची मनगटाच्या घडीएवढी ठेवा, चप्पल घालून, हात सरळ सोडून मोजलेली. टोकाचं रबर मात्र गुळगुळीत झालं की लगेच बदला. पेणच्या बाजारात ते मिळतं, आणि कंबरेचं हाड मोडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आता ज्याला गावात हात लावायचा नाही ते. कृत्रिम पाय, कॅलिपर, पाठीचा पट्टा, कानाचा साचा. पायाच्या उरलेल्या भागावर प्लास्टरची पट्टी गुंडाळतात, ती काढून आत प्लास्टर ओततात, मिळालेल्या ठोकळ्यावर कानस चालवतात आणि त्यावर तापवलेलं प्लास्टिक चढवतात. हे वाचून कारागिराला वाटेल, ‘हे तर आपलंच काम!’ खरंय, हात तोच आहे. पण गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर दाब द्यायचा आणि बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या टोकावर अजिबात द्यायचा नाही, म्हणून एकीकडे घासायचं आणि दुसरीकडे भरायचं, हे ठोकळा सांगत नाही. ते शिकावं लागतं. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाकडूनच हे काम घ्या. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. श्रवणयंत्राचा कानातला साचाही तसाच. ठसा घेताना पडद्याच्या अलीकडे बोळा लावावा लागतो, घरी प्रयोग केला तर माल आत अडकतो. मुलाचा कान वाढला की साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी वाजवतं. यंत्र बिघडलं म्हणून पेटीत टाकू नका, साचा नवा करून घ्या.

यासाठी जायचं कुठे? हाजी अलीला १९५५पासून केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. कानासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे. जाताना तुम्ही घरी घेतलेली मापं, घराच्या दाराची रुंदी, संडासचा फोटो आणि कामाच्या जागेचा फोटो घेऊन जा. ‘मी चिखलात चालतो’, ‘मी मांडी घालून आठ तास बसतो’ हे मोठ्याने सांगा. तिथल्या लोकांनी हमरापूर पाहिलेलं नाही. कामाच्या जागेचा असा विचार केला तर काय होतं ते बघायचं असेल, तर कुडाळ तालुक्यातल्या मोरे गावात नसीमा हुरझुक यांनी स्थापन केलेल्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड संस्थेची स्वप्ननगरी पाहून या. तिथे अपंग कामगार काजूप्रक्रियेचा उद्योग चालवतात. हुरझुक स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून हे सगळं उभं करत आल्या.

पैशाचं थोडक्यात. आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा, अर्ज ऑनलाइन होतो. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. केंद्राच्या एडिप योजनेत मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर उपकरणाचा पूर्ण खर्च आणि ३०,००० पर्यंत असेल तर निम्मा खर्च योजनेच्या मर्यादेत मिळतो. एकदा घेतल्यावर तीन वर्षं थांबावं लागतं, बारा वर्षांखालच्या मुलांसाठी एक वर्ष. रकमा बदलत असतात, तेव्हा अर्जाआधी विचारून घ्या. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हा पैसा वर्षअखेरीला घाईघाईने सरसकट वाटला जातो. मला विचाराल तर त्यातून चार घरांच्या उतारणी आणि सहा संडासांच्या दांड्या व्हाव्यात. हे ग्रामसभेत उभं राहून मागावं लागेल, मापासकट आणि अंदाजपत्रकासकट. स्कूटरला बाजूची चाकं लावून घेणाऱ्यांनी आधी परिवहन कार्यालयात बदलाची नोंद करावी. एमएच-०६ चं कार्यालय पेणलाच आहे, निमित्त सांगायला जागा नाही.

वस्तू झाली की काम संपलं असं नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास वापरा, काढा, कातडी बघा. दुसऱ्या दिवशी एक तास. आठवड्याने पुन्हा विचारा, ‘वापरतोस का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर राग मानू नका, वस्तू घासा, भरा, पुन्हा घाला. मूर्तीचं नाक चुकलं तर आपण तेच करतो.

गणपती गेले की कारखान्यांना थोडी सवड मिळते. त्या दिवसांत एका घरी जा, शाडूचा एक गोळा आणि शिंप्याची टेप घेऊन.